दाताखालचा दाणा

सन दोन हजार तेवीस, मृग नक्षत्र. धाड गावाजवळच्या आमच्या खेड्यात पाऊस आला नव्हता. माणसं बसून होती, आणि माणसं बसली की किस्से साठतात. आमच्या बियाणे बँकेत धान्यापेक्षा किस्सेच जास्त!

बँक म्हणजे एक खोली आणि चार कणग्या. आत राखेत घोळलेली जुनी गावरान ज्वारी. हे बी बाजारात मिळत नाही. आमच्याकडून गेलं की गेलंच. नियम मी केलेला: एक पायली न्या, पिकल्यावर दोन आणा, त्याच बियाण्याच्या. दाराला दोन कुलपं. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी माझ्यासोबत बँक सांभाळणाऱ्या शकूरभाईकडे.

*

एकदा खुद्द शकूरभाईनं परतफेडीला टपोरी ज्वारी आणली. मी एक दाणा दाताखाली फोडला.

"ही खामगावच्या बाजारातली."

"आबा, तुमी दातानं पावती वाचता काय!"

"वापस ने."

नेली. पुढच्या वर्षी खरी आणली.

*

उगवण तपासायचं काम विमलबाईचं. ती शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवते. एकदा विचारलं, किती उगवले?

"अठ्ठ्याण्णव."

"अन् दोन?"

"ते तुमच्यासारखे हायेत, आबा. कितीबी पानी टाका, नरम पडत नाईत!"

*

दोन हजार तेवीसच्या त्याच मृगात एक साहेब पाच माणसं घेऊन आले. जगाची भूक कशी मिटवायची, यावर पडद्यावर चित्रं दाखवत दोन तास बोलले. लाइट गेली, पडदा काळा झाला, तरी बोलत होते. शेवटी विमलबाई उठली.

"साहेब, सकायपासून तुमी काई खाल्लं काय?"

 मग माझ्या घरी सहा जणांनी वीस भाकरी खाल्ल्या! "अशी चव शहरात नाही," म्हणाले. माझी मान ताठ झाली.

*

पुढे पाऊस आला, पेरणी झाली, उगवलं आणि करपलं. दुबार पेरणीला कणग्या रिकाम्या. राखीव एक पायली तेवढी होती. खोलीत उंदीर झाले म्हणून मीच ती घरी आणून ठेवली होती. डबा उघडला. आत काही नाही.

सूनबाई म्हणाली, "मामाजी, साहेबाले भाकरी कायच्या केल्या मंग? पीठ सरलं होतं. राख धुतली अन् दळून आनली."

बैठकीत मी स्वतः सांगितलं. कोणी हसलं नाही. विमलबाई घरी गेली आणि चुलीवरच्या आढ्याला टांगलेली त्याच गावरान ज्वारीच्या कणसांची जुडी घेऊन आली.

"बँकेवर भरवसा नव्हता काय?" मी विचारलं.

"बँकेवर होता. तुमच्यावर नोता!"

कणसं झोडली. पायलीभर दाणे निघाले.

"एक नेली, दोन बँकेत टाका," ती म्हणाली. "नियम तुमचाच हाय."

गावाचं सगळं बी आता माझ्या शेताच्या एका तुकड्यात पेरलेलं होतं. चार महिने मी त्या बांधावरून हललो नाही.

दिवाळीनंतर दोन पायल्या घेऊन खोलीसमोर उभा राहिलो. शकूरभाईनं एक दाणा उचलला. दाताखाली फोडला. बराच वेळ चावत राहिला.

मग त्यानं आपली किल्ली काढली, मी माझी. मी दोन्ही पायल्या कणगीत ओतल्या.