कापलं नव्हतं, अडवलं होतं

परवाच्या पोस्टमध्ये माझी चूक झाली. बॅक्टेरियाचं संरक्षक एन्झाइम प्लास्मिडला, म्हणजे बाहेरून आलेल्या डीएनएच्या छोट्या वर्तुळाला, कापून टाकतं असं मी लिहिलं होतं. आज लॅबमध्ये कापण्याची ताकद काढून घेतलेलं एन्झाइम वापरलं. वर्तुळं अखंड राहिली, तरी त्यांच्या प्रती वाढेनात.

गव्हाणला घरी आल्यावर आत्याला सांगितलं आणि विचारलं, न कापता प्रती थांबल्या कशा? मला मुळाक्षरं तिनेच शिकवली, मिठागराच्या बांधावर.

"अगो, कापायला कशाला पायजे? उघाडीच्या तोंडात कोन बसला तर भरतीचा पानी आत येल काय?"

उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत घेण्याचं दार.

"नाही येणार."

"मंग? येवढी शिकलीस नि मला इचारतेस!"

मी डोळे मिटून बसले. नक्कल जिथून सुरू होते, नेमक्या त्या जागी मांडी घालून बसलेलं एन्झाइम दिसत राहिलं आणि शांत तरंगणारं एकटं वर्तुळ.

हा अजून अंदाजच आहे. पण परिषदेसाठी निवड झालेल्या आमच्या लॅबच्या पोस्टरवर माझ्या नावाखाली 'कापतं' असं छापलंय. चूक सांगितली तर पोस्टर कदाचित रद्द होईल. तुम्ही सांगितलं असतं का?

मी लॅबच्या सरांना सांगणार आहे, येत्या गुरुवारी, पोस्टर लावायच्या आदल्या दिवशी.