टायटल्सची वरिष्ठता सूची

सिनेमा संपेपर्यंत बसणारी माणसं पुष्कळ असतात. सिनेमा सुरू झाल्याबरोबर उठून जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. एका विलायती गुप्तहेरावर वर्षानुवर्षं सिनेमे निघत आले आहेत. नायक म्हातारा झाला की नवा आणतात, हेर मात्र तोच. त्या सिनेमांच्या सुरुवातीची टायटल्स, म्हणजे गाणं, धूर, पाणी, पिस्तुलं आणि मधूनमधून तरंगणाऱ्या बायकांच्या सावल्या, एवढंच साडूभाऊ बघत. नावं संपली की बाहेर येऊन समोसा खात. "पुढं काय हाय? मारामारी. ते तर आमच्या मोहल्ल्यात, गुढियारीत, रोज फुकट दिसते," असं त्यांचं म्हणणं. ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची मोठी बहीण, तिकीट वाया जाऊ नये म्हणून शेवटपर्यंत बसे आणि रिक्षात त्यांना उरलेली गोष्ट सांगे.

राज्य नवं झालं तेव्हा भोपाळहून फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर साडूभाऊही रायपूरला आले. त्यांचं काम वरिष्ठता सूचीचं. कर्मचारी दोन राज्यांत वाटले गेलेले, त्यामुळे कोण कोणाच्या वर यावर सगळी राजधानी भांडत होती. रस्ते व्हायचे होते, इमारती व्हायच्या होत्या, पण आपल्या खाली कोण आहे हे प्रत्येकाला आधी हवं होतं. ऑफिसची हीच पद्धत साडूभाऊंनी घरी आणली. प्रत्येक टायटलला गुण: धुराला वीस, पाण्याला वीस, गाण्याला चाळीस, पिस्तुलाला वीस. सावल्यांना गुण नव्हते, कारण कागद ताईच्या डोळ्यांखालून जाई. मग अंतरिम सूची टाईप होऊन फ्रिजवर चिकटे. खाली ओळ असे, 'दावा-आपत्ती तीस दिवसांत सादर करावी.' आपत्ती म्हणजे आपल्याकडची हरकत. ती मात्र कोणीच घेत नसे. आम्हा नातेवाइकांना प्रती पोस्टानं येत, आम्ही त्यावर शेंगदाणे सोलत असू. ऑफिस शहराबाहेर नव्या रायपूरला गेल्यावर ऑफिसच्या बसमध्ये त्यांनी सहकाऱ्यांना प्रती वाटल्या. प्रत्येकानं आधी आपलं नाव कितवं आहे ते शोधलं आणि नाही म्हटल्यावर कागद परत केला. मुलगी म्हणाली, "पापा, किसी को फर्क नहीं पड़ता." यावर साडूभाऊंचा चेहरा उतरला. निदान एक आपत्ती ऐकल्याशिवाय सूची अंतिम करायची नाही, असा नियम त्यांनीच केला होता. "आपत्ती नाई म्हणजे कोणी वाचलीच नाई न भाऊ," ते मला म्हणाले. मला हसू आलं होतं, पण ते मी आवरलं.

पुढे एक नवा सिनेमा आला, सूची सरकली, आणि एक जुनं टायटल घसरून तळाला गेलं. मी त्या दिवशी तिथंच होतो. ताई दूध ठेवायला फ्रिजपाशी गेली आणि थांबली.

"हे काहून खाली टाकलं? लग्नानंतर आपण पयला पिक्चर पायला तो हाच न?"

"धूर कमी होता त्यात."

"अन् पाणी? पाणी तीन डाव आलं होतं."

"मले नाई आठवत."

"कसं आठवन? तुम्ही तर सावल्या पाहून राहिले होते. लिहून घ्या माही आपत्ती!"

साडूभाऊंना एवढा आनंद मुलगी झाली तेव्हाही झाला नसेल. त्यांनी रविवारी अकराची सुनावणी ठेवली, इस्त्रीचा शर्ट घातला, ताईला खुर्ची दिली आणि चहा स्वतः केला. ताई पाण्यावरून हटेना, साडूभाऊ धुरावरून हटेनात. तारीख पडली. मग दर रविवारी तारीख पडत गेली, कारण निकाल लावायची घाई दोघांनाही नव्हती. इतकी वर्षं शेजारी बसून टायटल्स पाहिली त्यांनी, पण त्यांवर बोलत होते ते आत्ता.

ताईला जाऊन आता दोन वर्षं होतील. मला तिची फार आठवण येते. परवा रायपूरला गेलो तेव्हा सूचीवर 'अंतरिम' तसंच होतं. मी भीतभीतच म्हटलं, "साडूभाऊ, आता अंतिम करून टाका. आपत्ती घेणारा हजर नसला तर एकतर्फी निकाल देता येतो ना?"

"येते न," ते म्हणाले. नियम त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. थोडा वेळ ते कागदाचा सुटलेला कोपरा बोटानं दाबत राहिले. "पण मी तिले पुढच्या रविवारची तारीख देऊन ठेवली हाय."