पालथ्या वाट्या

माझ्या तोंडात एकही दात नव्हता आणि घरात एकही वाटी सुलटी नव्हती. लॉकडाऊनचा विषय निघाला की मला आधी हेच आठवतं, आणि अजूनही डोकं तापतं.

दात का नव्हते ते आधी सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी काहीतरी बरळतेय. धाकट्या भावाच्या गावात दातांचा डॉक्टर चांगला, म्हणून मी चार दिवसांसाठी त्याच्याकडे आले. डॉक्टरने उरलेसुरले दात उपटले आणि म्हणाला, हिरड्या भरल्या की कवळी बसवू. हिरड्या छान भरल्या. पण तोवर दवाखान्याला कुलूप, गाड्या बंद, रस्त्यावर पोलीस. मी अडकले ती अडकलेच. बरं, ज्याच्या घरी आले तो भाऊ तरी घरात असावा की नाही? तोही नाही.

भाऊ पाळणेवाला. मेळ्यात तो उंच आकाशपाळणा असतो ना, तो उभा करायचा, फिरवायचा, नट-बोल्ट आवळायचे, आणि मेळा उठला की उतरवून पुढच्या गावी न्यायचा, हे त्याचं काम. एरवी आठवड्याला एक दिवस घरी यायचा. आता तो लांबच्या कुठल्याशा मैदानावर पाळण्यासकट अडकला होता. उतरवायला माणसं नाहीत, न्यायला गाडी नाही. म्हणजे घरात राहिलो मी आणि त्याची बायको.

तिला सगळे कंडक्टर म्हणतात, कारण ती बसवर कंडक्टर आहे. मीही तेच म्हणते. अंगाने दणकट, आवाज असा की मागच्या सीटवर झोपलेला माणूस खडबडून उठून तिकीट काढेल. दारू पिऊन चढलेल्या दोन बाप्यांना तिने एकदा दोन हातात दोन कॉलर धरून खाली उतरवलं होतं. नाकावर माशी बसू द्यायची नाही. मला खरं तर तिचा धाकच वाटायचा, पण मी थोरली नणंद, दाखवते कशाला!

तर अशी ही बाई, एका सकाळी स्वयंपाकघरातून जी किंचाळली, मला वाटलं गॅसचा भडका उडाला. धावत गेले तर ही खुर्चीवर उभी, कपडे गोळा करून, तोंड पांढरंफटक. खाली फरशीवर एक कोळी. बोटाच्या पेराएवढा असेल.

"अगं, एवढंसं ते! चपलेने एक दे ठेवून," मी म्हटलं.

"मारायचं नाही!" ती वरूनच ओरडली. "ताई, वाटी द्या. मोठी द्या!"

मी वाटी दिली. तिने खुर्चीवरून वाकून, डोळे मिटून ती अशी काही आपटली की वाटीला पोचा आला. पण कोळी बरोबर आत. मग ती खाली उतरली, वाटीला लांबून वळसा घालून गेली आणि चहा टाकला.

"आणि आता याचं काय?" मी विचारलं.

"काही नाही. ते आले की टाकतील बाहेर."

ते म्हणजे माझा भाऊ. त्यांच्या घरात ही रीतच होती. आठवडाभर ती कोळ्यांवर वाट्या घालून ठेवायची आणि सुट्टीच्या दिवशी तो आला की हातपाय धुऊन आधी हेच काम. खिडकीपाशी खिळ्याला एक पुठ्ठा टांगलेला असे, तिच्या तिकिटांच्या गठ्ठ्यामागचा. तो पुठ्ठा वाटीखाली हळूच सरकवायचा, सगळं तसंच उचलून खिडकीबाहेर धरायचं आणि म्हणायचं, "जा बाबा, आपल्या घरी जा." हा कार्यक्रम चालू असताना कंडक्टर खुर्चीवर.

पण एरवी आठवड्यात एखादी वाटी अडकायची. आता भाऊ काही येत नव्हता आणि कोळी मात्र येत होते. उन्हाळ्याचे दिवस, मागच्या अंगणात झाडोरा, खिडक्या सताड उघड्या. न्हाणीघरात आंघोळीचा मग पालथा. कपाटाजवळ पेला पालथा. फोनच्या टेबलाखाली काचेचा ग्लास, त्यातला तर दिसायचासुद्धा. मी बोळक्या तोंडाची, मला सगळं पातळ करून वाटीतूनच खावं लागायचं, आणि वाट्या सगळ्या कोळ्यांनी अडवलेल्या. शेवटी मी डब्याच्या झाकणात मऊ भात कालवून खाऊ लागले. झाकणात! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"अगं, मी टाकते ना बाहेर. मला काही भीती नाही. आमच्या घरी मी हाताने उचलते," मी एकदा म्हणाले आणि खाली वाकलेसुद्धा.

"वाटीला हात लावायचा नाही!" अस्सा आवाज काढला तिने! मी विनातिकीट पकडल्यासारखी जागच्या जागी उभी राहिले.

भावाचा फोन दुपारी यायचा, ती तो स्पीकरवर लावायची. खाली मैदानात त्याला रेंज मिळत नसे, म्हणून तो बंद पाळण्यावर चढून सगळ्यात वरच्या डब्यात जाऊन बसायचा. फोनमध्ये वाऱ्याचा घूं घूं आवाज. तो सांगायचा, खाली सगळं गाव दिसतंय पण माणूस दिसत नाही, शाळेच्या गच्चीवर कुणाचं तरी वाळत घातलेलं पांघरूण तसंच पडलंय. ती सांगायची, दूध मिळालं, ताईंच्या हिरड्या बऱ्या आहेत.

"कोळी?" तो विचारायचा.

"आहेत. ठेवलेत."

"बरं. ठेव."

संपला फोन. मी मनात म्हणायचे, काय हे बोलणं आहे! पण फोन ठेवल्यावर ती तो कितीतरी वेळ मांडीवर घेऊन बसायची. पडदा काळा झाला तरी बघत राहायची. संध्याकाळी खिडकीत उभी राहायची. समोरच बस थांबा. बाकावर पाचोळा साठलेला. गाडी मागे घेताना वाजवायची तिची शिट्टी होती, ती पदराने पुसायची, पुन्हा खिळ्याला अडकवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसायची. माणसाचा जीव टांगणीला लागतो म्हणतात तो कसा दिसतो, ते मी रोज बघत होते.

एकदा मी न राहवून विचारलंच, की मला का हात लावू देत नाहीस? तुझा नवरा काय कोळी मोजून घेणार आहे?

ती भांडी घासत होती. नळ बंद केला तिने.

"जाताना आमचं भांडण झालं होतं, ताई. कशावरून ते आता आठवतही नाही. ते म्हणाले, घर तुझ्या पगारावर, कारभार तुझा, बोलणं तुझं. माझं काम काय, तर कोळी उचलायचे. तेवढ्यासाठी नवरा कशाला हवा, एखादा गडी ठेव."

"मग? तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, ठेवते."

एवढं बोलून ती पुन्हा घासायला लागली. तो चहा न घेता गेला होता म्हणे, मी दवाखान्यात असताना. आणि दोन दिवसांत सगळं बंद झालं. भात झाकणातून खाल्ला आणि ब्र काढला नाही.

पण भूक ती भूक. एका सकाळी ती आंघोळीला गेलेली बघून मी स्वयंपाकघरातली ती पहिली, पोचा आलेली वाटी उचलली. म्हटलं, एक तर धुऊन घेऊ. खाली कोळी होता, पण पाय पोटाशी घेऊन वाळलेला. फुंकर मारली तर घरंगळला.

ती ओल्या केसांनी येऊन मागे उभी राहिली. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. ती ओरडली नाही. मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडायला लागली.

"मी मारला, ताई. ते एकालाही मारत नाहीत. मी उपाशी मारला."

"अगं, कोळीच तो," मी म्हटलं, पण माझ्याही काळजात चर्र झालं. कारण ती कोळ्यासाठी रडत नव्हती हे मलाही कळत होतं.

मग तिने डोळे पुसले, उठली आणि खिळ्यावरचा पुठ्ठा काढला. शिट्टीही काढली आणि दातांत घट्ट धरली, किंचाळी फुटू नये म्हणून. मग काय! प्रत्येक श्वासाला शिट्टी वाजायची. फुर्र, फुर्र करत ती ग्लासापाशी गेली, पुठ्ठा सरकवला, उचलला, आणि खिडकीपर्यंत जाताना तर अशी लांब शिट्टी वाजली की शेजाऱ्याने भिंतीवर धपाधप मारलं. मी हसून हसून भिंतीला टेकले. कोळी बाहेर पडला, जिवंत होता, झाडावर चढून गेला. कंडक्टर घामाने निथळत होती. त्या दिवशी तिने एकेक करत सगळी भांडी मोकळी केली. काही मेलेले निघाले, काही चालते झाले. पुढे जसजसे नवे आले तसतसे तेही तिनेच काढले, आणि शिट्टीचा आवाज बारीक होत होत एक दिवस शिट्टी खिळ्यावरच राहिली.

मला वाटी मिळाली. पण फोनवर तिने यातलं एक अक्षर सांगितलं नाही. तो विचारायचा, "कोळी?" ती म्हणायची, "आहेत." मी डोळे वटारायचे, ती तोंड फिरवायची.

मग गाड्या थोड्या थोड्या सुटणार असं कानावर आलं. मी मनातल्या मनात कवळी घालून पाव चावायला लागले. आणि त्याच दिवशी त्याचा फोन आला. वारा नेहमीपेक्षा जास्त होता.

"मालकाने पाळणा विकायला काढलाय," तो म्हणाला. "मेळे काही इतक्यात भरत नाहीत. गिऱ्हाईक मिळेपर्यंत गोदामात ठेवणार. राखणीला माणूस हवाय. खोली देतो म्हणतोय. राहू का इथंच? तिकडे येऊन तरी मी काय करणार? तू ड्युटीवर जाशील, मी नुसता बसून खाणार."

पन्नास माणसांना एका आरोळीत पुढे सरकवणारी बाई, आणि 'या' एवढं म्हणता येईना! मी समोरून हातवारे करत होते, दात नसलेल्या तोंडाने नुसतंच "या, या म्हण" करत होते. फोनमध्ये वारा वाजत होता. मला वाटलं, आता हा ठेवणार फोन, आणि गेला माझा भाऊ.

"इथं वाट्या संपल्यात," ती एकदम म्हणाली.

"काय?"

"वाट्या. सगळ्या पालथ्या पडल्यात. पेलेही नाहीत राहिले. ताई डब्याच्या झाकणात जेवतायत. कालपासून मोठं पातेलंपण गेलं. केवढा आहे तो! मी स्वयंपाकघरात जात नाही."

तिच्या मागे फळीवर सगळ्या वाट्या घासूनपुसून लख्ख मांडलेल्या. पातेल्यात माझं दूध होतं.

"मग ताईला सांग की. ताईला भीती नाही वाटत."

"ताईंना? त्या माझ्यापेक्षा भित्र्या! पलंगावरून उतरत नाहीत."

मी! मी भित्री! जन्मात कोणी मला असं म्हटलं नव्हतं. चांगली खरडपट्टी काढायला मी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. मला माझा नवरा आठवला. घट्ट बसलेली बरणी मी कायम त्याच्यापुढे करायचे आणि तो उगाच हातावर फुंकर मारून, मोठा पराक्रम केल्यासारखा झाकण उघडायचा. त्याला जाऊन वर्षं झाली. आता सगळी झाकणं माझी मला उघडतात. खोटं सांगायला कोणी नाही. फार आठवण आली त्याची, भर दुपारी, त्या दोघांच्या फोनमध्ये उभी असताना.

पलीकडे पाळण्याचा डबा करकरला.

"पातेल्याखालचा जपून उचलावा लागेल," तो शेवटी म्हणाला. "पुठ्ठा पुरणार नाही."

"हो ना."

"गाडी कधी सुटतेय बघतो."

तो यायचा त्या दिवशी सकाळी कंडक्टर उठली ती कामालाच लागली. वाट्या, पेले, मग, सगळं फळीवरून खाली उतरवलं आणि घरभर पालथं घालत सुटली. एक दाराशी, एक कपाटाजवळ, दोन न्हाणीघरात. मध्यभागी पातेलं. मी म्हटलं, "माझ्या पलंगाखालीही एक घाल, मी भित्री ना!" तिने हसत घातली.

तो आला तो वाळून काटकी झालेला. तोंडावर मास्क, खांद्यावर पिशवी. कुणाला हात न लावता आधी आंघोळीला गेला. बाहेर आला तेव्हा त्याने घरभर पाहिलं. खिळ्यावरचा पुठ्ठा काढला. कंडक्टर लगेच खुर्चीवर चढली, कपडे गोळा करून.

पहिली वाटी दाराजवळची. त्याने वाकून पुठ्ठा हळूहळू सरकवला, वर हात ठेवला, उचलून खिडकीपाशी नेली. आणि वाटी जरा कलती केली. आत काही नव्हतं. सकाळी धुतल्याचं पाणी तेवढं कडेला चमकत होतं. त्याने वाटीत पाहिलं. मग खाली फरशीवरच्या वाट्यांकडे पाहिलं, मग खुर्चीवरच्या बायकोकडे. कोण बोलणार, आणि काय?

त्याने वाटी खिडकीबाहेर धरली, उपडी केली, बुडावर दोनदा टिचकी मारली.

"जा बाबा," तो म्हणाला, "आपल्या घरी जा."

मग दुसरी. तीही तशीच, दोन्ही हातांनी, जपून. तिसऱ्या वाटीला खुर्चीवर कंडक्टरचा हुंदका फुटला. तो थांबला नाही. खोलीच्या मध्यभागी आला आणि पातेल्यापाशी गुडघे टेकून बसला.

"उतरू नकोस एवढ्यात," तो म्हणाला. "हा मोठा आहे. याला वेळ लागेल."