वैलावरचा समुद्र

दत्तू गेल्याची बातमी मला मुरबाडच्या बाजारात कळली. आमच्या किन्हवलीचा एक गाडीवान वांग्यांच्या ढिगापाशी उभा होता. मला बघून त्याने मुंडासं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "बाई, तुमचे शेवाळमास्तर गेले... काल सांजला. ताप उतरलाच नाय." माझा धाकटा भाऊ गेला होता आणि सांगणाऱ्याच्या तोंडी त्याचं खरं नाव आलं नाही. त्या माणसाचा काय दोष? साऱ्या गावाने हेच नाव ठेवलं होतं. मी पिशवी तिथेच टाकली आणि त्याच्या गाडीत बसले. पोचले तोवर सगळं उरकलं होतं. भाद्रपदातला पाऊस, लाकडं ओली, म्हणून घाई केली असं मला सांगण्यात आलं.

आता काही आठवडे लोटले. मध्यंतरी शहापुरात शोकसभा झाली. हार आले, फोटो नव्हता म्हणून ते रिकाम्या खुर्चीला घातले. एका वक्त्याने त्याला 'निसर्गाचा उपासक' म्हटलं. हेच गृहस्थ तो रस्त्याने जाताना "काय मास्तर, आज कुठलं डबकं?" असं विचारून दात काढायचे. मेलेली म्हैस मणभर दुधाची, असं आपल्यात म्हणतात ते उगाच नाही. माझा भाऊ काय करत होता हे त्या सभेत कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून हे लिहायला बसले.

आमचं घर भात पिकवणारं. आई लवकर गेली, काकूने आम्हां दोघांना वाढवलं. मला अकाली वैधव्य आलं तेव्हा तिनेच भांडून मला शिकायला धाडलं, म्हणून आज मी मुरबाडला मुलींना शिकवते आहे. दत्तू हुशार, मुंबईच्या कॉलेजात गेला आणि पहिल्या सुट्टीत घरी आला तो समुद्रातल्या शेवाळाचं वेड घेऊन. वडिलांनी कपाळावर हात मारला. "आमचा जल्म गेला खाचरातला शेवाळ काढून टाकण्यात. आन् आमचा लेक पैसं देऊन शेवाळ शिकतो!" दत्तू हसला. त्याला चिडता येत नसे. हा त्याचा गुण सगळे सांगतात, मी मात्र त्याला दोषच म्हणेन.

मला तो सगळं समजावून सांगायचा. मासा पाणी तापलं की खोल जातो. समुद्रातलं शेवाळ खडकाला धरून असतं, त्याला उठून जाता येत नाही. म्हणून कुठलं शेवाळ कुठल्या किनाऱ्याला राहील आणि किती वाढेल, ते बरंचसं पाण्याची ऊबच ठरवते. आपल्या बाजूला पावसाळा सरला की खडकावर कोंब धरतात, थंडीत ते माजतात आणि वैशाखाचं ऊन लागलं की उथळ डबक्यांतले आधी पांढरे पडतात. त्याच खडकाच्या खालच्या अंगाला, जिथे गार पाणी खेळतं, तिथले तगून राहतात. "ताई, गंमत अशी की थोडी ऊब त्यांना हवी असते," तो म्हणायचा. "ऊब वाढते तशी वाढ वाढते. बघणारा खूश होतो. आन् मग एका हद्दीच्या पुढे ऊब गेली की सगळं एकदम बसतं." शिकून खात्यात नोकरीला लागल्यावरही त्याचा ध्यास हाच होता... ती हद्द शोधायची.

मग जपानशी लढाई जुंपली. तांबड्या शेवाळापासून एक खळीसारखा पदार्थ निघतो. इस्पितळात रोगाचे जंतू वाढवून तपासायचे तर तो लागतो आणि तो यायचा जपानातून. तो बंद पडला. दत्तूच्या साहेबांनी ठरवलं की हे शेवाळ आपल्याच खाडीत दोर बांधून वाढवायचं. वैशाखात वरचे अधिकारी बघायला येणार होते, तेव्हा त्यांना किनाऱ्यावरून, बूट न भिजवता दिसेल अशा उथळ पाण्यात. दत्तूने सांगितलं, उथळात ओहोटीच्या वेळी भर दुपारी पाणी तापतं, शेवाळ आधी भराभर वाढेल आणि मग मरेल. दोर खोलात बांधा. साहेब म्हणाले, "सांगू नका, दाखवा." पाडव्यानंतर दाखवायचं ठरलं.

दाखवणार कुठे? बॉम्ब पडणार म्हणून मुंबई रिकामी होत होती, प्रयोगशाळेला कुलूप लागलं होतं. लोक दागिने आणि भांडीकुंडी घेऊन गावी पळाले, आमचा दत्तू समुद्राचं पाणी भरलेल्या बरण्या घेऊन आला. गाडीवाटेने हिंदकळत किन्हवलीपर्यंत! बरण्यांत तांबडं, केसांसारखं शेवाळ. एक बरणी त्याने मोरीजवळ ओल्या वाळूत ठेवली, वर भिजलं गोणपाट. दुसरी ओटीवर. तिसरी स्वयंपाकघरात, चुलीच्या वैलावर, म्हणजे जिथे जाळ पोचत नाही पण धग पोचते त्या बाजूच्या तोंडावर. त्याच्याकडे उष्णता मोजायची काचेची नळी होती, ती तो दिवसभर या बरणीतून त्या बरणीत घाली. मी सुट्टी काढून गेले होते. वैलाची धग कमीजास्त होऊ न देणं माझ्याकडे होतं. काकू कुरकुरायची, "माजी आमटी ठेवायची जागा गेली गो. आता समींदर शिजवा नि जेवा." पण ती शेजारणींना घरात बोलावून बरण्या दाखवायची, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

आणि खरंच, वैलावरचं शेवाळ आधी सगळ्यांत जोमाने वाढलं. मला वाटलं, दत्तूचं चुकलं. तो म्हणाला, "थांब." थोड्या दिवसांनी त्याची टोकं फिकी पडली, मग ते गळायला लागलं. ओल्या वाळूतलं हळूहळू वाढत होतं, लालबुंद. दत्तूने माझा हात धरून मला या बरणीपासून त्या बरणीपर्यंत चारदा फिरवलं. इतका आनंदात मी त्याला पुन्हा कधी पाहिलं नाही. या तिन्ही बरण्या तशाच मुंबईला न्यायच्या आणि साहेबांच्या टेबलावर ठेवायच्या, बस्स, बाकी काही बोलावं लागणार नव्हतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सोमवती अमावास्या पडली. त्या दिवशी समुद्रस्नानाचं पुण्य मोठं. पण किन्हवलीच्या बायकांना समुद्र कुठला? त्यातल्या कित्येकींनी तो जन्मात पाहिला नव्हता. दत्तू गाडी ठरवायला शहापूरला गेला होता, मी बरण्यांसाठी पेंढा आणायला खळ्यावर. काकूने साऱ्या आळीला निरोप धाडला. बायका तांबे घेऊन आल्या आणि काकूने बरण्यांतलं पाणी गडूगडूने वाटलं. दत्तूचं शेवाळ मात्र तिने जपलं, एक काडी सांडू दिली नाही. बरण्या विहिरीच्या पाण्याने पुन्हा काठोकाठ भरल्या, प्रत्येकीत मूठमूठ खडेमीठ टाकलं आणि चव घेऊन बघितली. तिन्ही जागच्या जागी ठेवल्या.

दत्तू रात्री उशिरा परतला, म्हणून त्याने सकाळी गुढी उभारताना बघितलं. मिठाने विहिरीचा समुद्र होत नाही. तिन्ही बरण्यांतलं शेवाळ सारखंच मेलं होतं. गार काय, ऊन काय, आता काहीच वेगळं राहिलं नव्हतं. काकूने आपणहून सगळं कौतुकाने सांगितलं. तिला तो म्हणाला, "काकू, किती जणींची आंघोळ झाली?"

"अख्ख्या आळीची रे बाबा! म्हातारी भागी तर रडली. म्हनली, आता मी सुखानं मरंन."

"बरं झालं," दत्तू म्हणाला.

बरं झालं! मी तेव्हा काकूला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती बिचारी पदर तोंडात धरून उभी राहिली, तिला शेवटपर्यंत कळलं नाही की तिने काय केलं. दत्तू मलाच म्हणाला, "गप बस ताई. तिला काय ठावं?" पण मला ते सोसलं नाही, आजही सोसत नाही. ज्या बाईने आम्हांला माणसं केलं तिच्याच हातून हे व्हावं... आणि रागावण्याचीही सोय नसावी.

मग सगळं दत्तूने सांगितलं होतं तसंच झालं. दाखवायला काही उरलं नव्हतं, म्हणून साहेबांनी उथळातच दोर बांधले. चैत्रात शेवाळ असं फोफावलं की त्यांनी दत्तूला चारचौघांत बोलावून चिमटे काढले. वैशाखात ते पांढरं पडलं, कुजलं, आणि वरचे अधिकारी नाकाला रुमाल लावून परत गेले. ठपका कुणावर यायचा तो आला. देखरेख दत्तूकडे होती, त्याने हयगय केली, असं ठरलं. नोकरी गेली. मी म्हटलं, भांड. तो म्हणाला, "काय दाखवून भांडू?" गावी येऊन शाळेत शिकवायला लागला आणि शेवाळमास्तर झाला. लग्न केलं नाही. पुढे साहेबांनी दोर खोल पाण्यात हलवले, तिथे पीक आलं, आणि उष्णतेची हद्द आपणच शोधली असं ते सांगत फिरले. दत्तूच्या कानावर हे आलं तेव्हा तो म्हणाला, "शेवाळ जगलं ना?" अशा माणसाचं काय करायचं?

अस्थी मी ठेवून घेतल्या होत्या. बाईमाणसाने न्यायच्या का, यावर गावात बरीच चर्चा झाली. मी ऐकून घेतलं आणि निघाले. तो ज्या किनाऱ्यावर काम करायचा तिथेच गेले, आश्विनातल्या दुपारी. ओहोटी होती. सोबतच्या भटजींनी पहिल्याच डबक्यापाशी मंत्र म्हटले. मी वाकून पाण्यात हात घातला. पाणी चांगलंच तापलं होतं.

मी उठले आणि पुढे चालू लागले. भटजी मागून ओरडले, "बाई, कुठे निघालात? इथेच सोडा, सगळं पाणी सारखंच!"

"सारखं नसतं," मी म्हटलं. लुगडं कमरेपर्यंत भिजलं, खडक संपला, पायांना गारवा लागला. तिथे मी त्याला सोडलं.