मल्लूकाकांनी जोडलेला मेटल डिटेक्टर

मल्लूकाकांना 'जुगाडू' म्हणणाऱ्यांनी ही पोस्ट वाचली नाही तरी चालेल.

खरं तर वाचाच.

आज काकांना जाऊन वर्ष झालं. सकाळी आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "जुगाडू माणूस होता बिचारा."

बिचारा?

शुक्रवार पेठेत काकांचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक टेबल, एक स्टूल आणि लोकांचे मेलेले मिक्सर. मी शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात चेकिंगला आहे. शिवताना मशीनची सुई तुटते, कधीकधी टोक कपड्यातच राहतं. म्हणून प्रत्येक शर्टावरून आम्ही हातातला छोटा मेटल डिटेक्टर फिरवतो. वाजला की शर्ट बाजूला.

काही वर्षांपूर्वी, शाळा सुरू व्हायच्या तोंडावर, तो डिटेक्टर माझ्याच हातून फरशीवर पडला.

मुठीला जोडणारी मान तुटली. बॅटरीच्या झाकणाची खिट्टीही गेली.

शेठ म्हणाले, "हातानं चाचपून बगा आनि माल सोडा. नवीन यायला आठ दिवस लागतील."

हाताला सुईचं टोक लागत नाही हो. मी पंधरा वर्षं चाचपतेय, मला माहीत आहे.

मग मी शहाणपणा केला. आमच्या घरी प्लास्टिकची फुटकी बादली तापलेल्या तारेनं टाचतात, तसं मी डिटेक्टरच्या मानेला स्टेपलरच्या पिना तापवून मारल्या. झाकणाला चिकटपट्टी. एकदम मजबूत.

चालू केला आणि तो जो बोंबलायला लागला!

शर्टावर वाजतोय, टेबलावर वाजतोय, हवेतसुद्धा वाजतोय. सगळ्या बायका हसून हसून लोळल्या. शेठ तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "मशीन गेलं. टेम्पो भरा."

मी डिटेक्टर पिशवीत टाकला आणि थेट काकांकडे गेले.

"पिना कुनी मारल्या?"

"मी."

"आगं अव्वा, लोखंड हुडकायच्या मशीनलाच लोखंड खाऊ घातलंस की!" सगळ्या बायकांना काका अव्वाच म्हणायचे.

मी म्हटलं, काका, गेलंच का हो मशीन?

"प्लास्टिक तुटलंय. मशीनला काय झालंय? येकदम ठणठणीत हाय."

एकेक पिन त्यांनी चिमट्यानं उपसून काढली. जुन्या टेलिफोनच्या प्लास्टिकच्या डब्याचे बारीक तुकडे केले, बाटलीत एसीटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायचं औषध, ओतून त्यात टाकले. तुकडे विरघळले, घट्ट खळ झाली. मग माझ्याकडेच हात पुढे केला.

"दोरा दे. तुमच्याकडं सुती आसतो की, त्यो."

तुटलेल्या मानेवर दोऱ्याचे वेढे, वर ती खळ, परत वेढे, परत खळ. झाकणाला नवी खिट्टी घासून बसवली. एक स्क्रू नाही, एक तार नाही.

"उद्या सकाळी मिळंल."

"काका, टेम्पो आज जाणार आहे."

"मग थांबव टेम्पो. सुकायच्या आत हात लावला तर मान परत मोडंल, आनि झाकन ढिलं ऱ्हायलं तर बॅटरी हालंल. मग सुई आसूनबी वाजनार न्हाय. त्ये लई वाईट."

मी परत गेले आणि शेठना सांगितलं, माल आज जाणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला असं तोंडावर सांगितलं. शेठ म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. पण चेकिंगची माझी सही नव्हती, म्हणून टेम्पो त्या दिवशी निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेलेच. आणि माझ्या आधी गेटवर कोण? मल्लूकाका. डिटेक्टर टॉवेलात गुंडाळून, बाळंतिणीचं पोर आणल्यासारखा.

शेठ म्हणाले, "झालं ना काम? द्या आन् निघा."

"टेस्ट केल्याबिगर मी काम देत न्हाय," काका म्हणाले, आणि युनिफॉर्मच्या गठ्ठ्यावर बसले. बसलेच!

खिशातून सुई काढली, शर्टाखाली ठेवली. वाजलं. डिटेक्टर हलवून, उलटा करून, आपटून दहा वेळा बघितलं. दहाही वेळा वाजलं. सुई काढली, गप्प झालं.

मग माझ्या हातात दिला. "हं अव्वा, बग आता तुजा माल."

तिसऱ्या गठ्ठ्यात वाजलं.

पहिलीच्या मापाचा शर्ट. कॉलरच्या आत, बरोबर मानेला लागेल तिथे, सुईचं तुटलेलं टोक. तांदळाच्या दाण्याएवढं.

शेठनी ते टोक तळहातावर घेऊन बराच वेळ बघितलं. "पूर्न माल चेक करा," एवढंच म्हणाले आणि आत गेले. माझी नोकरी राहिली.

तो माल ज्या शाळेत गेला, तिथल्या कुठल्याच आईबापाला मल्लूकाका माहीत नाहीत. सत्कार नाही, फोटो नाही, पेपरात बातमी नाही. काकांनी अपेक्षाही केली नव्हती. मी मात्र करतेय. माणसानं नीट शिकून, विचार करून केलेल्या कामाला 'जुगाड' म्हणून हसायचं नाही. आणि त्यांना बिचारा तर अजिबात म्हणायचं नाही.

काका, मला तुमची फार आठवण येते. आज तर जास्तच.

कारण आज दुपारी त्याच डिटेक्टरच्या झाकणाला चीर गेली. नवीन मॅनेजर म्हणतोय, ताई, एक दिवस चेक नाही केलं तर काय होतंय, सोडा माल.

टेम्पो गेटवर उभा आहे. ड्रायव्हर हॉर्न मारतोय, मॅनेजरचे चार फोन येऊन गेले. मी काकांसारखीच खळ करून लावलीय, झाकण सुकायला ठेवलंय आणि गठ्ठ्यावर बसून ही पोस्ट लिहितेय.

उद्या सकाळी दहा वेळा वाजल्याशिवाय एक शर्टही जाणार नाही.

काका, माझी श्रद्धांजली हीच. नमस्कार करते.