कॉकटीलच्या खोलीतली दोन यंत्रे

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास माझ्या काकांच्या दोन कॉकटील पक्ष्यांपैकी, म्हणजे तुरेवाल्या छोट्या पोपटांपैकी, मादी पिंजऱ्याच्या तळाशी मेलेली आढळली. पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर हवा शुद्ध करण्याचे यंत्र चालू होते. त्याच्यावर हळदकुंकू होते आणि हिरवा दिवा लागलेला होता.

काका हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, लक्ष्मी गेटजवळच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर एकटे राहत. खाली आई आणि मी. काका रेल्वेतून निवृत्त झाले होते. एकतीस वर्षे त्यांनी मालगाडीच्या डब्यांचे हवेचे ब्रेक तपासले होते, त्यामुळे हवा या विषयावर घरात दुसऱ्या कोणी बोलायचे नाही असा संकेत होता. मी एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर काम करत असे. माझ्याकडे दुरुस्तीला फक्त वाक्ये येत.

पक्षी काकूने आणले होते. काकू जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. नराला ती एकच शब्द शिकवून गेली, तोही न शिकवता. स्वयंपाकघरातून काकांना ती दिवसातून पंधरा-वीस वेळा "अहो" अशी हाक मारी. शेवटचा स्वर लांबवून थोडा वर नेत असे. नराने तो सुरासकट उचलला. ती गेल्यावरही सकाळी चहाच्या वेळेला वरून "अहो" ऐकू येई आणि पाठोपाठ काकांचे "आलो, आलो". आई आणि मी खाली कप विसळत असू. या विषयावर घरात कधी चर्चा झाली नाही.

यंत्र घेण्याचे कारण धूळ. कॉकटीलच्या पिसांतून पावडरसारखी पांढरी भुकटी झडते. ती चादरीवर, रेडिओवर, काकांच्या चष्म्यावर बसते. त्यात बाहेरून खडीच्या क्रशरांची धूळ येते, आणि पीक निघाले की मोठ गावाकडच्या शेतांत जाळलेल्या खुंटांचा धूरही. त्या वर्षी भाद्रपदात नर शिंकू लागला. दोन दिवस पाहून काकांनी टोपी घातली आणि मला म्हणाले, "चल बेटा, बाज़ार. मशीन आणू."

बड़ा बाज़ारातल्या विजेच्या सामानाच्या दुकानात मिक्सर आणि गीझर यांच्या मधल्या फळीवर दोन प्रकारची यंत्रे होती. दुकानदाराने त्यांतले छोटे, चकचकीत खाली काढले.

"बाऊजी, ये लीजिए. चलाइए और पाँच मिनट में बारिश वाली खुशबू. कीटाणु सब साफ़."

"घर में चिड़िया हैं," काका म्हणाले.

"तो चिड़िया के लिए तो और बढ़िया. जंगल जैसा लगेगा."

मी दुसऱ्या यंत्राबद्दल विचारले. ते मोठे होते, बोजड होते आणि त्याला खरोखरच काही चेहरा नव्हता. दुकानदाराचा आवाज पडला. "वो? वो कुछ नहीं करता, दीदी. सिर्फ़ हवा छानता है." हवा गाळणे हे त्याच्या लेखी काम नव्हते.

आम्ही चकचकीत यंत्र घेतले. खोक्यावर बारीक अक्षरांत 'ओझोन' असा शब्द होता. तो मी वाचला होता. शाळेत ओझोनचा थर पृथ्वीचे रक्षण करतो असे शिकवले होते, तेवढ्यावर मी गप्प राहिले. बातमीत असा शब्द आला असता तर मी दोन ठिकाणी खातरजमा केली असती.

यंत्राने दुकानदाराचा शब्द पाळला. खोलीत पावसाळी वास येऊ लागला. वरच्या मजल्यावर आलेला प्रत्येक जण दीर्घ श्वास घेऊन "वा" म्हणे. पक्ष्यांचे मत कोणी घेतले नाही. नराच्या शिंका थांबल्या नाहीत, पण हिरवा दिवा लागलेला होता, आणि काकांच्या मते हिरव्या दिव्यासमोर शंका घ्यायची नसते.

नवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. काका आपली हातोडी, नटबोल्टचे पाने आणि दाब मोजायचे जुने गेज पाटावर मांडत. त्या वर्षी रांगेत यंत्रही बसले. ते बंद करून पूजावे अशी सूचना आईने केली. काका म्हणाले, "वहिनी, चालू इंजिनालासुद्धा हार घालतात." तेव्हा ते चालू ठेवून पूजले. आईने उदाचा धूप फिरवला, पाटाभोवती आणि मग, पुण्य लागावे म्हणून, पिंजऱ्याभोवतीही. दसऱ्याला पुन्हा तेच. त्या संध्याकाळी रावणाचा धूर आत येऊ नये म्हणून काकांनी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. अशा रीतीने बाहेरचा धूर बाहेर राहिला आणि आतला आत.

मादीला काकांनी कढीलिंबाच्या कुंडीत पुरले. नराने त्या सकाळी हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो फुगून दांडीवर बसे आणि श्वास घेताना त्याची शेपटी खालीवर होई. काका पिंजऱ्यापाशी खुर्ची टाकून बसत. तिसऱ्या दिवशी त्यांनी जेवणाचे ताट आले तसे परत पाठवले. आईने मला ऑफिसला जाऊ दिले नाही.

"पक्ष्याला डॉक्टरकडे ने," ती म्हणाली. "भाऊजींना नेता येणार नाही. ते म्हणतील मला काही झालेलं नाही."

पक्ष्यासाठी म्हटल्यावर काका पिंजरा मांडीवर घेऊन स्वतःच सोबत आले. जनावरांची डॉक्टरीण तरुण होती. तिच्या बाकावर त्या वेळी एक शेळी आणि दोन कुत्री रांगेत होती. तिने पिंजऱ्यावरचा कपडा बाजूला केला, पक्ष्याचा श्वास मिनिटभर मोजला आणि काकांना विचारले, "अंकलजी, कमरे में क्या-क्या जलता है?"

"काही नाही. कुछ नहीं."

"अगरबत्ती? धूप?"

"वो तो भगवान का है."

तिने ते लिहून घेतले. मग नॉनस्टिक तव्याबद्दल विचारले, कारण असा तवा फार तापला की त्यातून निघणारा धूर पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो. मग विचारले, "मशीन से बारिश जैसी गंध आती है?"

"हाँ," काका अभिमानाने म्हणाले. "पाँच मिनट में."

"वही ओझोन है. पंछी का फेफड़ा बहुत नाज़ुक होता है. आज ही बंद कीजिए."

मादी कशाने मेली ते तिला सांगता येणार नव्हते. देह दोन दिवसांपूर्वीच पुरला होता. धूप आणि ओझोन एकाच बंद खोलीत होते, एवढे सिद्ध आहे. तिने नराला औषध दिले. नवे यंत्र घ्यायचे तर कसे, तेही सांगितले: ओझोन नको, आयन सोडणारे नको, सुगंधाची कुपी नको. बारीक कण अडवणारा दाट कागदी फिल्टर हवा, वास शोषणारा कोळशाचा थर हवा, आणि ते खोलीच्या मापाचे हवे. झोत पिंजऱ्यावर येता कामा नये. बाहेरची जाळी आठवड्याला धुवायची आणि पूर्ण वाळवून लावायची. आतला फिल्टर धुवायचा नाही, बदलायचा. रोज सकाळी पक्ष्याचे वजन करायचे. त्या दिवशी ते शहाण्णव ग्रॅम होते.

"ठीक होगा?" काकांनी विचारले.

"खाएगा तो होगा. वज़न गिरा तो तुरंत लाइए."

चकचकीत यंत्र बंद करून आम्ही पुन्हा बड़ा बाज़ारात गेलो आणि जे काही करत नाही, सिर्फ़ हवा छानता है, ते यंत्र मागितले. दुकानदाराला आमच्याबद्दल वाईट वाटले. "इसमें खुशबू नहीं आएगी, बाऊजी," तो शेवटपर्यंत सांगत राहिला.

या वेळी काकांनी देखभाल स्वतःकडे घेतली. रेल्वेत डब्याच्या अंगावर पुढच्या तपासणीची तारीख रंगवलेली असते. काकांनी यंत्रावर पांढरी चिकटपट्टी लावून तशीच तारीख लाल शाईने लिहिली. यंत्र पिंजऱ्यापासून चार हात दूर, दरवाजाकडे तोंड करून ठेवले. अंतर टेपने मोजले. दर रविवारी दहा वाजता ते मागचे झाकण उघडत, जाळी धूत, सावलीत वाळवत आणि दुपारी बसवत. एकही रविवार चुकला नाही. अशी शिस्त मी आमच्या ऑफिसात छापण्याच्या मशीनच्या बाबतीतही पाहिलेली नाही.

यंत्राला निळा दिवा होता. तोही कायम लागलेला असे.

पक्ष्याचे वजन मात्र उतरत गेले. आईचा स्वयंपाकाचा काटा आम्ही वर नेला होता. चौऱ्याण्णव. नव्वद. औषध बदलले. शहाऐंशी. डॉक्टरीण म्हणाली, हवा तपासा. काका म्हणाले, हवेचे मला सांगू नका. हाक बंदच होती. सकाळी चहाच्या वेळी काका दार उघडे ठेवून बसत आणि विचारले तर म्हणत, पेपरची वाट बघतोय. पेपर मी सहा वाजताच दिलेला असे.

सहाव्या रविवारी मला सुटी होती. काकांनी धुण्याआधी जाळी उजेडात धरून मला दाखवली. "बघ. धूळ नावाला नाही. याला म्हणतात स्वच्छ हवा."

जाळी खरोखर जवळजवळ कोरी होती. मी रेडिओवरून बोट फिरवले. बोट पांढरे झाले. खोलीतल्या सगळ्या वस्तूंवर भुकटी होती, फक्त भुकटी गोळा करण्यासाठी आणलेल्या वस्तूत नव्हती. मी झाकणाच्या आत हात घातला. फिल्टर होता. तो जाड प्लास्टिकच्या पिशवीत होता. पिशवीचे तोंड कारखान्यात चिकटवले होते तसेच होते, आणि पिशवीने जाळीमागची हवेची वाट बुजवली होती.

"काका, हा फिल्टर पिशवीत आहे."

"असणारच. स्पेअर आहे तो."

"मग चालू फिल्टर कुठाय?"

"आत बसवलेला असेल."

"आत पंखा आहे."

काका उठून आले, वाकले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाकले. मग म्हणाले, "पहिल्याच दिवशी पाहिला होता मी. सीलबंद होता. सीलबंद माल स्टोअरचा असतो. तो कोणी उगीच फोडत नाही. मागणी लागते, सही लागते."

"मग करा सही."

त्यांनी लाल पेन घेतले, पिशवीवर सही केली, खाली तारीख घातली आणि मग कात्रीने पिशवी कापली.

यंत्रासोबत एक पत्रक होते. पिशवी काढून फिल्टर बसवावा, हे त्यात पहिल्याच पानावर चित्रासह होते. पत्रक काकांनी जपून ठेवले होते, तेही त्याच्या पिशवीतून न काढता. निळा दिवा हवेचा नव्हता, असेही त्यात निघाले. तो वीज चालू असल्याचा होता.

आई वर आली. तिला सगळे सांगावे लागले. "म्हणजे भाऊजी," ती म्हणाली, "दीड महिना आपण थंडीत पंखा लावून बसलो होतो."

"हो. आणि खालून तुमचा धूप जिन्याने वर येत होता. तो कशात मोजायचा, वहिनी?"

"तो देवाचा आहे."

"मीही डॉक्टरणीला तेच सांगितलं. तिने लिहून घेतलं."

आई पिंजऱ्याकडे गेली. पक्षी डोळे मिटून बसला होता. काट्यावर सकाळचा आकडा काकांनी खडूने लिहून ठेवला होता: ७९. आई तो वाचत उभी राहिली. त्याच संध्याकाळी धुपाटणे देवघरातून निघून गल्लीकडच्या अंगणात गेले, जिन्याचे दार लागले आणि देवापुढे नुसते निरांजन राहिले. देवाला या बदलाचे कारण मी सांगावे असे ठरले, कारण पत्रक मी वाचले होते. नॉनस्टिक तवाही घराबाहेर काढायचे ठरले; तो मोलकरणीने मागितला. तिच्या घरी पक्षी नाही याची आईने आधी खात्री करून घेतली.

पुढच्या रविवारी जाळी राखाडी निघाली. तिच्यावर भुकटीचा जाड थर होता. काकांनी ती न धुता आधी खाली आणून आईला दाखवली, मग शेजारच्या भाभीजींना. त्यांनी तोंडाला पदर लावला. काका खूश झाले. पट्टीवरची जुनी तारीख त्यांनी खोडली आणि नवी लिहिली, फिल्टर खरा सुरू झाला त्या दिवसापासून मोजून.

वजन पाच दिवस एकोणऐंशीवर थांबले. मग ऐंशी. ऐंशी. ब्याऐंशी. डॉक्टरणीने औषध कमी केले. शेपटीची हालचाल थांबली. संक्रांतीला आईने तीळ पाखडताना चिमूटभर वर पाठवले, ते पक्ष्याने खाल्ले. काकांचे ताट रिकामे येऊ लागले. हाक मात्र नव्हती. डॉक्टरणीने सांगून ठेवले होते की पक्षी कधीकधी शब्द विसरतात, जोडीदार गेल्यावर तर विशेष. काकांनी हे ऐकले आणि विचारले, फिल्टर किती महिन्यांनी बदलायचा.

माघात, एका सोमवारी, वजन एक्क्याण्णव भरले. दुपारी भाभीजींनी गच्चीवरून आईला सांगितले की सकाळी काकाजींचा पक्षी काहीतरी बोलला. मी संध्याकाळी वर गेले आणि काकांना विचारले.

"तू ऐकलंस?"

"नाही. भाभीजी म्हणाल्या."

"वा. वार्ताहर ऐकीव बातमी छापणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर मुद्दाम मागे ठेवून चहाच्या वेळेला मी तो घेऊन जिना चढत होते. वरच्या खोलीचे दार बंद होते. आत यंत्र मोठ्या वेगावर चालू होते आणि त्याच्या आवाजात पक्ष्याचा आवाज मला ऐकू आला नाही. काकांचा आला.

"आलो, आलो."