लाकडाचं वजन आणि माझी इंग्रजी पोस्ट

गेल्या सोमवारी सुपा एमआयडीसीतल्या आमच्या फॅक्टरीत मला बढतीचं पत्र मिळालं. प्लांट फायनान्स हेड. अभिनंदनाचे बरेच मेसेज आले आणि त्यात अनेकांनी एकच विचारलं... त्या नोकरीवाल्यांच्या साईटवर लिहून खरंच फायदा होतो का?

होतो. पण माझा कसा झाला, ते नीट सांगायला हवं.

मी मूळचा नगर जिल्ह्यातल्या कर्जतचा. आठ वर्षं या कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवतो, हेड ऑफिस पुण्यात. तिथल्या साहेबांसाठी मी म्हणजे महिन्याच्या शेवटी येणाऱ्या ईमेलखालचं एक नाव... चेहरा कुणाला माहीत नव्हता.

एका मित्राने सांगितलं, मोठे साहेब लोक ती साईट रोज बघतात, तू तिथे दिसत राहा. मग मेहुण्याचा कोट घालून फोटो काढला. मेहनत, शिस्त, यश अशा विषयांवर इंग्रजीत पोस्टी टाकल्या. लाईक करणारे तिघे... त्यातली एक बायको.

त्याच सुमारास स्टोअरमध्ये एक भानगड चालू होती. कॉम्प्युटरवर स्टीलच्या बारचा जेवढा साठा दिसायचा, त्यापेक्षा प्रत्यक्षात दर महिन्याला थोडा कमी भरायचा. उघड कुणी बोलत नव्हतं, पण संशय स्टोअरकीपर भाऊसाहेबांवर होता. काष्टीचा माणूस, या एकाच कंपनीत केस पांढरे झालेले. त्यांच्या दारावर कॅमेरा बसवायच्या कागदावर माझीही सही होती.

एकदा मी साठा तपासायला गेलो, तेव्हा ते मला हाताला धरून उभ्या ट्रकपाशी घेऊन गेले.

"साहेब, बारच्या खाली ही लाकडं बघा. काट्यावर गाडीचं वजन करत्यात तवा ही बी त्यातच धरत्यात. गाडी खाली केली की लाकूड जातं भंगारात, अन् माल कमी दिसतो माझ्याकडं."

मी आलेल्या मालाची मागची सगळी चलनं आणि भंगारात गेलेल्या लाकडाच्या नोंदी काढल्या. लाकडाचं वजन वेगळं काढून हिशेब पुन्हा मांडला... फरक जवळजवळ मिटला.

त्या रविवारी मी पोस्ट लिहिली. साठा गायब होत होता, मी खोलात शिरलो आणि कारण शोधून काढलं... असं सगळं ‘मी’ लावून. भाऊसाहेबांचा उल्लेख नव्हता. मुद्दाम टाळला असं नाही, पण लिहिताना आठवणच झाली नाही. हे जास्त वाईट, असं आता वाटतं.

पोस्ट चालली. ओळख ना पाळख, अशा लोकांनी शेअर केली. पुण्याच्या फायनान्सच्या मुख्य मॅडमनी खाली कौतुक लिहिलं आणि चार दिवसांत मला प्लांट फायनान्स हेडच्या इंटरव्ह्यूला बोलावणं आलं.

इंटरव्ह्यूच्या दोन दिवस आधी भाऊसाहेब माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. त्यांची मुलगी श्रीगोंद्याला बी.कॉम. करते, तिने ती पोस्ट त्यांना मराठीत सांगितली होती. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवू लागलो.

"लई भारी लिवलंय म्हनली पोरगी," ते म्हणाले. "एक मागायचं हुतं."

"बोला ना."

"माझं नाव नसंना का, त्याचं काय न्हाई. पन चोरी न्हवती, एवढी एक ओळ घाला त्यात. क्यामेरा बसल्यापास्नं काष्टीच्या बाजारात बी लोकं इचारत्यात, स्टोअरात काय झालं म्हनून. पोरीच्या मैत्रिनी बी इचारत्यात."

एवढं बोलून ते गेले. मी ती पोस्ट उघडून पुन्हा वाचली. त्या माणसाला श्रेय नको होतं... त्याला फक्त स्वतःचं नाव स्वच्छ करून हवं होतं. आणि ते मळवणाऱ्यांत मी होतो.

त्याच संध्याकाळी दुसरी पोस्ट टाकली. कारण भाऊसाहेबांनी दाखवलं, मी फक्त चलनांवर पडताळून बघितलं. चोरी कधीच झाली नव्हती. संशय आम्ही घेतला, कॅमेऱ्याच्या कागदावर माझी सही होती आणि ती चूक होती. या पोस्टकडे पहिलीच्या मानाने फारच थोड्यांनी बघितलं. इंटरव्ह्यू गेला, असं धरूनच मी पुण्याला गेलो.

मॅडमनी दोन्ही पोस्टी वाचल्या होत्या. "दुसरी का लिहावीशी वाटली?" त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न बजेटबद्दल विचारला. निवड कशामुळे झाली ते मला आजही माहीत नाही... म्हणून ती दुसऱ्या पोस्टमुळे झाली, असा दावा मी करणार नाही.

पत्र घेऊन मी आधी स्टोअरमध्ये गेलो. भाऊसाहेबांनी पेढा घेतला, बरं झालं म्हणाले. मी विचारलं, दुसरी पोस्ट वाचली का? "वाचली न्हाई, ऐकली," ते म्हणाले. "इंग्रजी कुठं येतंय आपल्याला? पोरीनं सांगितली. पन गावात कुनाला दाखवावी, तर तिथं बी इंग्रजीची तीच गत."

म्हणून आज हे सगळं इथे मराठीत लिहिलंय. भाऊसाहेब, चोरी नव्हती. चूक आमची होती. आता हे तुम्ही स्वतः वाचा आणि ज्याला दाखवायचं त्याला दाखवा.